कोकणच्या किनाऱ्यावर मारेकरी यंत्रं उतरवायची तर: विज्ञानकथा लिहिणाऱ्यांसाठी हिशेबाची वही

माझी पहिली विज्ञानकथा मी वेंगुर्ल्याच्या एका तांडेलकाकांना वाचून दाखवली होती. कथेत आभाळातून एक यंत्र पडतं, स्वतःसारखी यंत्रं बनवत सुटतं आणि तीन पानांत रेडीपासून मालवणपर्यंत जिवंत म्हणून काही शिल्लक ठेवत नाही. काकांनी शांतपणे ऐकून घेतलं, विडी विझवली आणि विचारलं, "समाजला. पन ह्येंका खाऊक कोण घालता?"

तीच कथा आधी एका दिवाळी अंकाकडून साभार परत आली होती, कारण न सांगता. कारण काकांनी सांगितलं. ज्याच्या होडीच्या प्रत्येक फेरीत डिझेल आणि बर्फाचा हिशेब असतो, त्याला फुकट चालणारं यंत्र पटणार कसं? त्यानंतर अशी प्रत्येक कथा मी आधी वहीत हिशेब मांडून लिहितो. ती वही कशी भरायची, ते पायरीपायरीने सांगतो. उदाहरणासाठी एकच कथा शेवटपर्यंत धरू: रेडीच्या किनाऱ्यावर उतरलेलं, नारळाएवढं, दोन किलो वजनाचं, स्वतःची प्रत काढणारं यंत्र.

पहिली पायरी: घराणं ओळखा

या कल्पनेचा पाया गणितात आहे. जॉन फॉन नॉयमन यांनी १९४८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका परिसंवादात प्रश्न मांडला, की यंत्र स्वतःइतकंच गुंतागुंतीचं दुसरं यंत्र बनवू शकेल का. त्यांचं उत्तर होकारार्थी होतं. त्यासाठी बांधणी करणारा भाग हवा, सूचनांची पट्टी हवी आणि त्या पट्टीची नक्कल उतरवणारा भाग हवा. खुबी अशी की पट्टी दोन वेळा कामाला येते. एकदा ती वाचून त्याबरहुकूम पिल्लू बांधायचं, आणि मग ती न वाचता जशीच्या तशी उतरवून पिल्लाच्या पोटात घालायची. डीएनएची दुहेरी गोफासारखी रचना १९५३ मध्ये उलगडली तेव्हा कळलं, की जिवंत पेशी हेच करत आली आहे. फॉन नॉयमन १९५७ मध्ये गेले. त्यांचं अपुरं लेखन आर्थर बर्क्स यांनी पुरं करून १९६६ मध्ये पुस्तकरूपाने आणलं.

कथांच्या बाजूने मुळं आणखी मागे जातात. 'रोबो' हा शब्द कारेल चापेक यांच्या १९२० च्या नाटकातून आला. आपल्याला हवा तो मारेकरी नमुना मात्र १९६३ मध्ये फ्रेड सेबरहेगन या अमेरिकन लेखकाने उभा केला: दोन परग्रही जमातींच्या युद्धात बनवलेली यंत्रं, जी शत्रूलाही संपवतात, मालकालाही संपवतात आणि जिवंत दिसेल ते मारत पुढे जात राहतात. त्यांना त्याने जुन्या नॉर्स योद्ध्यांवरून 'बर्सर्कर' हे नाव दिलं.

ही कल्पना पुढे खगोलशास्त्रज्ञांच्या वादातही शिरली. एन्रिको फर्मी यांनी १९५० मध्ये जेवणाच्या टेबलावर विचारलं होतं, की परग्रहवासी असतील तर आहेत कुठे? आपली आकाशगंगा साधारण एक लाख प्रकाशवर्षं रुंद. प्रकाशाच्या एक दशांश वेगाने जाणारं यंत्र ती दहा लाख वर्षांत ओलांडेल, आणि आकाशगंगेचं वय हजार कोटी वर्षांच्या वर आहे. म्हणजे कुणी एकाने जरी प्रती काढणारी यंत्रं सोडली असती तरी ती एव्हाना इथे यायला हवी होती. डेव्हिड ब्रिन यांनी १९८३ च्या लेखात आकाशातल्या शांततेची संभाव्य कारणं मांडली, त्यात मारेकरी यंत्रांचंही एक कारण होतं: बोलणारे सगळे मारले गेले असतील.

हे सगळं कथेत कोंबू नका. कथेत प्राध्यापक उभा राहून फर्मी समजावू लागला की वाचक पान उलटतो. घराणं तुम्हाला माहीत असावं, इतकंच.

दुसरी पायरी: जागा निवडा, पण खाली काय आहे ते बघून

नवीन लेखक समुद्र दिसतो म्हणून कोकण निवडतात. नारळ, सूर्यास्त, कौलारू घर. यंत्राला सूर्यास्ताचं काही नाही. त्याला धातू हवा.

कोकणात तो पायाखालीच आहे. ज्या जांभ्याची घरं आपण बांधतो तो दगड तांबडा असतो तो त्यातल्या लोहाच्या ऑक्साइडांमुळे. ॲल्युमिनियमही त्यात आहे. रेडीला लोहखनिजाच्या खाणी आहेत. रत्नागिरीजवळ काळबादेवी, मिऱ्या या भागातल्या काळ्या वाळूत इल्मेनाइट आहे, म्हणजे लोखंड आणि टायटॅनियम दोन्ही. जुन्या स्पीकरचं चुंबक पुळणीवरून ओढून त्याला काळी मिशी फुटलेली ज्यांनी लहानपणी पाहिली आहे, त्यांना यंत्राची भूक वेगळी समजवावी लागणार नाही.

मी रेडी घेतो, कारण खनिज आणि समुद्र तिथे शेजारी आहेत आणि तिथली बोली माझ्या कानात आहे. तुमची जागा दापोली-हर्णै असेल तर तुमचं खनिज वेगळं, बोलीही वेगळी. नकाशा घ्या, आणि शक्य असेल तर स्वतः जाऊन माती हातात घ्या.

जाता जाता एक विनंती. सड्यावरची कातळशिल्पं परग्रहवासीयांनी खोदली असं कृपा करून लिहू नका. उक्षी, कशेळी, बारसूच्या कातळावर आपल्याच पूर्वजांनी घाम गाळून हत्ती, मासे आणि माणसं कोरली. त्याचं श्रेय काढून यंत्राला देणं हा आळस आहे.

तिसरी पायरी: जमाखर्च

या पायरीवर घाई करू नका. कथा इथेच तगते किंवा पडते.

आधी कॅलेंडर. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद असते. ६१ दिवस बाहेर दर्यात कुणी नसतं. होड्या वर ओढलेल्या, त्यावर झापं किंवा ताडपत्री. यंत्राला उतरायला याहून बरा मुहूर्त नाही. समजा ते १ जूनला उतरलं आणि दर तीन दिवसांनी प्रत्येक यंत्र स्वतःची एक प्रत काढतं.

१ जुलैला, म्हणजे दहा दुपटींनंतर, १,०२४ यंत्रं होतात. सगळ्यांचं मिळून वजन दोन टन, एका टेम्पोभर. खाडीच्या तोंडाशी दोन टन लोखंड पडलं तर पावसात कुणाला दिसणार?

३१ जुलैला, वीस दुपटींनंतर, १०,४८,५७६. वजन सुमारे २,१०० टन. दुसऱ्या दिवशी होड्या पाण्यात उतरतात.

३० ऑगस्टला, तीस दुपटींनंतर, १०७ कोटी. साडेएकवीस लाख टन. गणपती बहुतेक याच्या आगेमागेच असतात, आणि मुंबईचे चाकरमानी पावसाळी वेळापत्रकाने सावकाश धावणाऱ्या गाड्यांतून दाटीवाटीने गावी येत असतात.

बघा, कॅलेंडरनेच तीन अंक पाडून दिले. पहिल्या अंकात काहीच घडत नाही आणि तेच भीतिदायक आहे. अर्धी मुदत संपते तेव्हा सगळा माल एका टेम्पोत मावतो.

आता काकांचा प्रश्न. खायला कोण घालतं?

खनिजातून एक किलो लोखंड सोडवायला, ऑक्सिजनशी असलेली त्याची गाठ तोडायलाच, निदान ७.४ मेगाजूल ऊर्जा लागते. प्रत्यक्ष पोलाद करताना याच्या दुप्पट-तिप्पट जाते. आपण किलोला २० धरू. दोन किलोच्या पिल्लाला ४० मेगाजूल, म्हणजे वीजबिलाच्या भाषेत सुमारे ११ युनिट. तीन दिवसांत ११ युनिट मिळवायचे तर यंत्राला अखंड दीडशे वॉट हवेत.

उन्हावर जमेल? एक चौरस मीटरचं सौर पॅनल चांगल्या उन्हात दिवसाला साधारण एक युनिट देतं. म्हणजे नारळाएवढ्या यंत्राला चार चौरस मीटरचा पंखा पसरावा लागेल, तोही मे महिन्यातल्या उन्हात. जुलैमध्ये आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही, वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस इथे कोसळतो. उन्हावर चालणारं यंत्र जूनच्या दुसऱ्या आठवड्यात उपाशी मरेल.

माझी जुनी कथा इथे मेली होती आणि नवी इथेच जिवंत झाली. ऊन नसेल तर दुसरी साठवलेली ऊर्जा कुठली? लाकूड. सुक्या लाकडाच्या एका किलोत साधारण १६ मेगाजूल असतात. यंत्राची भट्टी चौथा हिस्साच कामी लावते असं मानलं, तर एका पिल्लामागे १६० मेगाजूल, म्हणजे दहा किलो सुकं लाकूड. पावसाळ्यासाठी पडवीत रचून ठेवलेली फाटी आधी जातील. मग मांगरातली नारळाची सोडणं. मग वर ओढलेल्या लाकडी होड्या. मग कलमं, माड, कांदळवन. आणि ओल्या लाकडापेक्षा चरबी जास्त ऊर्जा देते हे कुठल्यातरी यंत्राला केव्हातरी कळेल.

आता या यंत्राला खलनायक म्हणून दात दाखवायची गरज उरत नाही. उन्हाळ्यात ते निरुपद्रवी आहे, पडवीत आणून ठेवलं तरी चालेल. आभाळ भरलं की ते जिवंत वस्तूंकडे वळतं, कारण कोकणातली सगळी साठवलेली ऊर्जा जिवंत वस्तूंतच आहे. ज्या पावसाची आपण वाट पाहतो तोच त्याला मारेकरी करतो. हे मी ठरवून शोधलं नाही, वहीतल्या वजाबाकीतून निघालं.

हिशेब अजून संपला नाही. १६० मेगाजूल तीन दिवसांत जाळले तर एक यंत्र सहाशे वॉटची शेगडी झालं. ३१ जुलैला दहा लाख शेगड्या, म्हणजे सहाशे मेगावॉटच्या वर उष्णता. एका मोठ्या औष्णिक वीजसंचाएवढी आग खाडीच्या तोंडाशी. पाणी कोमट होणार, मासे हलणार, पावसात वाफ दिसणार. म्हणजे तुमच्या पात्राला संकटाची चाहूल लागायला दुर्बीण नको, पाण्यात पाय घातला तरी पुरे. आणि ३० ऑगस्टच्या १०७ कोटींची उष्णता काढलीत तर ६६० गिगावॉट येते. भारताची विजेची विक्रमी मागणी मे २०२४ मध्ये २५० गिगावॉट होती. इथे थांबून स्वतःलाच विचारा, की हे शक्य आहे का?

नाही. कागदावरची दुप्पट ढिगात चालत नाही. यंत्रांचा ढीग वाढला की मधल्यांना ना खनिज मिळत, ना लाकूड. काठावरचीच पिल्लं काढतात. दुपटीचा वेग मोडतो आणि ढीग कडेकडेने सरकत राहतो, भिंतीवरचं शेवाळ पसरतं तसा. म्हणून १०७ कोटी हा आकडा मी कथेत एका पात्राच्या तोंडी घालतो, आणि दुसरं पात्र तो खोडून काढतं. वाचकाला दिलासा मिळतो. मग कळतं, की मधली उपाशी यंत्रं मेलेली नाहीत, ती ऊन येण्याची वाट बघतायत.

तुमच्या यंत्राचं वजन वेगळं असेल, दुपटीची मुदत वेगळी असेल. तुलनेसाठी सांगतो: १९८० मध्ये नासाच्या एका अभ्यासगटाने चंद्रावर स्वतःची प्रत काढणाऱ्या कारखान्याचा आराखडा केला, तेव्हा बियाणं म्हणून १०० टनांचा माल आणि एका प्रतीला एक वर्ष धरलं होतं. माझे तीन दिवस म्हणजे परग्रहवासीयांची हुशारी. ती एकच सूट मी घेतो. दुसरी मागितली तर वाचक देत नाही.

चौथी पायरी: त्याला पाठवलं कुणी, आणि काय सांगून

तयार उत्तरं तीन असतात: युद्धातलं उरलेलं शस्त्र, थांबायला विसरलेलं खाणकामाचं यंत्र, किंवा माणसाचा द्वेष करणारी बुद्धी. तिसरं टाकून द्या. पहिल्या दोहोंपैकी एक घ्या आणि मग आपल्या मातीत शोधा, की अशा गोष्टीला इथे काय म्हणतात.

सिंधुदुर्गात राखणदार असतो. गावाची, शेताची, बागेची राखण करणारा, न दिसणारा. त्याला वर्षाचा मान द्यायचा, गाऱ्हाणं घालायचं, आणि त्याची हद्द ठरलेली असते. त्या हद्दीबाहेर तो जात नाही. आता असा राखणदार कल्पून बघा, ज्याचा गाव ओस पडला, मान देणारं कुणी उरलं नाही, आणि ज्याला हद्द कधी आखूनच दिली नव्हती. माझं यंत्र असं आहे. कुणीतरी, कुठेतरी, कशाच्या तरी राखणीला त्याला बसवलं होतं. 'परकं दिसेल ते संपव' एवढंच सांगितलं. आपलं कोण ते सांगणारे गेले. आता त्याला सगळेच परके.

'राखणदार' हा शब्द कथेत यंत्राला लावू नका. एखाद्या म्हातारीला लावू द्या, तेही एकदाच.

पाचवी पायरी: नकलेतली चूक

पट्टी उतरवताना चूक होते की नाही, हे लिहायला बसण्याआधी ठरवा.

चूक होतच नसेल तर सगळी यंत्रं हुबेहूब सारखी. मग एकाची खोड सापडली की सगळी पडतात, आणि कथा कुलूप-किल्लीची होते. चूक होत असेल तर घराणी फुटतात आणि यंत्रं एकमेकांनाही खाऊ लागतात. मी दहा लाख नकलांमागे एक चूक धरतो. वर मांडलेल्या हिशेबात दहा लाखावी नक्कल जुलैच्या अखेरीस निघते. म्हणजे पहिलं वेडं पिल्लू नारळी पौर्णिमेच्या तोंडावर जन्माला येतं. ते काय करतं, ते तुम्ही ठरवा. माझं दिवसा झोपतं.

यातही एक गोम आहे. बहुतेक चुका यंत्राला बिघडवतील, सुधारणार नाहीत. पहिलीच चूक जर यंत्राला बोलायला शिकवू लागली तर ती तुमची सोय आहे, हे वाचक ओळखतो.

सहावी पायरी: माणसं आणि त्यांचं बोलणं

शास्त्रज्ञ नायक नको. असलाच तर तो मुंबईत असावा आणि फोनची रेंज जात-येत असावी. नायक असावा जमाखर्च कळणारा माणूस: तांडेल, बर्फाच्या कारखान्यातला माणूस, काजूच्या फॅक्टरीत हिशेब ठेवणारी बाई.

बोली सांभाळा. कोकण म्हणजे सरसकट मालवणी नव्हे. संगमेश्वरात वेगळं बोलतात, रायगडात आगरी वेगळी, बाणकोटात आणखी निराळी. जी बोली कानात नाही ती लिहू नका; प्रमाण मराठी चालते. संवाद आखूड ठेवा. १ ऑगस्टच्या सकाळचा माझा तुकडा असा आहे:

"काका, जाळा जड लागता."
"खडपाक अडाकला असतला. ढिला सोड."
"अडाकला नाय. हलता हा."
काकांनी दोरीला हात लावला आणि लगेच काढून घेतला. दोरी गरम होती.

सहाशे मेगावॉटचा सगळा हिशेब त्या शेवटच्या वाक्यात गेला. वहीतल्या आकड्यांपैकी कथेत जास्तीत जास्त तीन दिसू द्या. बाकीचे असे हाताला लागू द्या.

भाच्याने काकांना 'काका' म्हणायचं की 'मामा', हे नातं ठरवून लिहा. आईच्या भावाला 'काका' म्हणणारा भाचा माझ्या एका मसुद्यात चार पानं वावरला होता.

सातवी पायरी: शेवट

लष्कर येऊन बॉम्ब टाकतं, हा शेवट सोडा. तुकडे झालेलं लोखंड म्हणजे उरलेल्या यंत्रांना आयतं वाढलेलं पान. जंतूंनी परग्रहवाल्यांना मारण्याचा शेवट १८९८ मध्येच वापरून झाला. खाऱ्या हवेने गंजून मरतात, हा शेवट मला फार आवडायचा, कारण आमच्याकडे खिडकीचे गज पाच वर्षं टिकत नाहीत. पण टायटॅनियम गंजत नाही, आणि काळी वाळू मीच त्यांना दाखवली होती.

शेवट चौथ्या पायरीतून काढा. तुम्ही यंत्राला जो हुकूम दिलात, त्यातल्याच उणिवेत दार असतं. माझ्या यंत्राला हद्द नाही, म्हणून माझी माणसं त्याला हद्द घालायचा खटाटोप करतात. कशी, ते सांगत नाही. कथा अजून छापून यायची आहे. एवढं सांगतो, की त्यासाठी त्या वेड्या पिल्लाची पट्टी उपयोगी पडते आणि गावाला एक पूर्ण वाडी सोडून द्यावी लागते. फुकट सुटका लिहू नका. दहा किलो लाकडाशिवाय पिल्लू होत नाही, तसा काही दिल्याशिवाय शेवटही होत नाही.

आठवी पायरी: वाचून दाखवा, मग पाठवा

आधी विज्ञान शिकवणाऱ्या कुणाला आकडे दाखवा. मग विज्ञानाशी संबंध नसलेल्या पण काम करणाऱ्या माणसाला कथा मोठ्याने वाचून दाखवा. तो जिथे मान हलवायची थांबवतो तिथे पेन्सिलने खूण करा. समजावून सांगायला जाऊ नका.

पाठवताना नावाचा बाऊ करू नका. डॉ. जयंत नारळीकरांनी १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला आपली कथा 'नारायण विनायक जगताप' या नावाने पाठवली होती. आद्याक्षरं उलटी करून घेतलेलं टोपणनाव, ओळखीचा फायदा मिळू नये म्हणून. दिवाळी अंकासाठी मसुदा पावसाळ्याच्या सुरुवातीलाच हातावेगळा करा. गणपतीनंतर पाठवलेलं बहुधा पुढच्या वर्षावर जातं.

नवा मसुदा मी काकांना गेल्या बंदीच्या दिवसांत वाचून दाखवला. होडीवर ताडपत्री होती, बाहेर धो धो. लाकडाचा हिशेब त्यांना पटला. दोरी गरम लागते तिथे त्यांनी स्वतःचा तळहात पाहिला. शेवट झाल्यावर ते उठले, पडवीतल्या फाटींच्या राशीकडे गेले, वरची दोन-चार लाकडं सरळ केली आणि म्हणाले, "सोडलेल्या वाडीत घरां किती होती, ता लिवलंस नाय."

सतरा लिहिली. मग सतरा घरांची नावं वहीत काढत बसलो.